राखणीला उभी असलेली नारिंगी बोट

मी बचावबोट आहे. रंग नारिंगी, आवाज मोठा, कंबर रुंद. माझ्यात बसून कुणी वाढदिवसाचे फोटो काढत नाही, माझ्यासाठी कुणी रांग लावत नाही. तरी या तळ्यावर ताठ मानेनं उभं राहायचा हक्क कुणाला असेल, तर तो मला आहे, असं मी मानते. याला तुम्ही गर्व म्हणा हवं तर. पण आधी ऐकून घ्या, मग म्हणा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझं पोट कडक आहे आणि कड मऊ. पोट साच्यातून निघालं, त्याचं फारसं कौतुक नाही. पण माझ्या भोवतीची ही फुगीर कड जोडायला एक बाई होत्या. डोक्याला रुमाल, हाताला डिंकाचा वास. प्रत्येक सांधा चिकटवला की त्या त्याच्यावरून अंगठा फिरवत, आणि मग पुन्हा एकदा फिरवत. शेडमधले बाकीचे त्यांना हसायचे. त्या म्हणायच्या, "हिच्यात बसणारा माणूस आधीच घाबरलेला असणार. त्याला आणखी कशाला घाबरवायचं?"

माझ्या कडेचे आतून वेगवेगळे कप्पे केलेले आहेत. एक फुटला तर शेजारच्याला पत्ताही लागू नये, अशी रचना. शेवटी माझ्या अंगाला साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडा येतो का ते पाहिलं. आला नाही. त्या बाईंनी माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि त्या दुसऱ्या बोटीकडे वळल्या. लेकीला सासरी पाठवताना इतके कोरडे डोळे मी कुणाचे पाहिलेले नाहीत. पण ती थाप खरी होती.

मी जिथे आले ते तळं मोठं आहे. स्वच्छ ऊन असेल तर पलीकडचा काठ दिसतो, ढगाळ दिवशी दिसत नाही. एका बाजूला दगडी बांध आहे, तिकडे कुणी जात नाही. अलीकडच्या काठावर लाकडी धक्के, तिकिटांच्या खिडक्या आणि रंगीबेरंगी राइड. त्यातला एक धक्का ताईंचा. ताई म्हणजे माझी मालकीण. धंद्यात तिचा धाकटा भाऊ अर्ध्या वाट्याचा भागीदार. सगळे त्याला धाकटाच म्हणतात, जरी त्याच्या कानशिलावर आता पांढरे केस दिसायला लागलेत. वडिलांच्या दोन वल्ह्यांच्या होड्या होत्या. त्यांच्यावरून या बहीणभावानं पायडलबोटी, कयाक, जेट-स्की आणि बोटीमागे ओढायची ती पिवळी, लांबुळकी, हवा भरलेली बनाना राइड इथपर्यंत मजल मारली होती.

मला का आणलं ही गोष्ट मला माझ्या चालकानं सांगितली. त्याला सगळे देवमासा म्हणतात. पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होता, अंगानं आडवा, गळ्यानं बेसूर. माझ्यात बसला की गुणगुणत राहतो. त्याच्या सांगण्यानुसार, माझ्या आधीच्या हंगामात बनानावरून पडताना एका गिऱ्हाइकाचा खांदा निखळला होता. माणूस भला होता, हसत हसत घरी गेला. पण ताईची झोप उडाली.

"आज खांदा होता," ती धाकट्याला म्हणाली. "उद्या मान असली तर आपण त्याच्या घरच्यांपुढे काय घेऊन उभं राहायचं? तोंड?"

मग तिनं इन्शुरन्सवाल्यांना बोलावलं. विमा कंपनीकडून एक पाहणीवाले साहेब आले. भर वाळूत बूट घालून, पाण्यापासून दोन हात लांब चालत. त्यांना पाण्याची भीती वाटायची, पण नजर घारीची. जॅकेटांचे पट्टे ओढून पाहिले, दोर पाहिले, चालकांना प्रश्न विचारले. मग म्हणाले, "तुमच्या राइडवर गिऱ्हाइकाला इजा झाली तर उपचार आणि भरपाई आम्ही देऊ. तुमच्या माणसांचंही बघू. पण काही अटी आहेत." वारा ठरलेल्या वेगापुढे गेला की राइड बंद. फाटकं जॅकेट दिसता कामा नये. आणि एक वेगळी बचावबोट हवी. कुठलीही राइड पाण्यात असेल तेव्हा ही बोटही पाण्यात, माणसासकट. तिनं दुसरं काही करायचं नाही.

धाकट्यानं विचारलं, "म्हणजे बोट घ्यायची, पेट्रोल भरायचं, माणूस बसवायचा, आणि तिनं दिवसभर नुसतं उभं राहायचं?"

"हो."

"साहेब, असं काम मला कुठे मिळेल का?"

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "तिला कधीच काही करावं लागू नये, हीच आमची इच्छा."

तर अशी मी आले. एका अटीपोटी आलेली सून. पहिल्या दिवसापासून मला टोमणे. जेट-स्कीवाले मला सासूबाई म्हणायचे. "स्वतः काही करत नाही, पण नजर सगळ्यांवर." मला त्याचं वाईट वाटलं नाही. घरात एका तरी माणसाची नजर सगळ्यांवर असावी लागते, मग त्याला कोणी काही म्हणो.

आणि नजर ठेवायला लागलं की माणसं फार छान कळतात. जॅकेट घालायची वेळ आली की पोटवाले पुरुष पोट आत घेतात आणि म्हणतात, "मला पोहता येतं, राहू द्या." आया आधी पोराचा पट्टा आवळतात, मग नवऱ्याचा, आणि स्वतःचा विसरतात. जो सगळ्यात जास्त "भीती कसली त्यात" म्हणतो, तोच पहिल्या लाटेला पुढच्याच्या मानेला मिठी मारतो. आणि परत धक्क्यावर आल्यावर, गुडघाभर उडालेलं पाणी सांगताना डोक्यावरून जातं. मला ही माणसं आवडतात. कामावरची, घरातली ओझी उतरवून ती तासाभरासाठी हलकी व्हायला येतात. हलकं झालेलं माणूस फार सांभाळावं लागतं.

एकदा ऐन गर्दीत बनाना ओढणारी आमची बोट बंद पडली. धाकट्याची नजर माझ्यावर गेली. "एवढी ताकदीची बोट रिकामी उभी आहे, ताई. दोन तासांचा तर प्रश्न आहे."

ताई म्हणाली, "बनाना बंद."

"अगं पण रांग..."

"बनाना बंद म्हटलं ना."

त्या दिवशी धाकट्यानं बहिणीकडे पाठ करून डबा खाल्ला. देवमासा माझ्यात बसून गुणगुणत राहिला. आणि मला पहिल्यांदा वाटलं, माझ्यासाठी कुणीतरी नुकसान सोसलंय. आपली किंमत आपल्याला अशीच कळते.

आमच्या शेजारच्या धक्क्याचा मालक बादशहा. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. पाटीवर मुकुट काढलेला, मिशा पाटीला शोभतील अशा. वयानं मोठा. अर्ध्या गावाला त्यानं पोहायला शिकवलं होतं, ताईलाही. ती त्याला काका म्हणायची. त्याच्याकडे विमाबिमा काही नव्हता. कुणी विचारलं की दंडावर थाप मारून म्हणायचा, "माझा विमा इथे आहे." मी पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा त्यानं काठावरून ओरडून ताईला सांगितलं होतं, "पोरी, पांढरा हत्ती ऐकून होतो. नारिंगी आज पहिल्यांदा पाहिला."

माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी अडचण असली की पहिला पोचणारा तो. फक्त इतकी वर्षं पाण्यानं त्याला काही केलं नव्हतं, आणि त्याला वाटायला लागलं होतं की आपली आणि पाण्याची काही ओळख आहे.

तो सुट्टीचा दिवस होता. काठावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुपारनंतर वारा वाढू लागला. ताईनं पताका पाहिली, वारा मोजला. अजून हद्दीत होता, पण तिनं बनाना काठाजवळच ठेवायला सांगितली. शेजारी बादशहाची बनाना मात्र पार मध्यापर्यंत जात होती. त्याचा चालक वळण असं घ्यायचा, की वरची सगळी माणसं एकदम पाण्यात. लोक त्याचेच तर पैसे देतात. पडायचे, किंचाळायचे, हसायचे आणि पुन्हा चढायचे.

यावेळी वळण फार अरुंद झालं. माणसं उडाली ती एकत्र नाही, इकडेतिकडे विखुरली. चालकानं त्यांना घ्यायला घाईघाईनं बोट मागे फिरवली. वाऱ्यानं बोट ढकलली आणि एक बाई तिच्या कडेखाली आली. चालकानं घाबरून इंजिन बंद केलं, ते पुन्हा सुरू होईना. बनाना सुटली. बोट, बनाना आणि पाण्यातली माणसं, सगळी दगडी बांधाच्या दिशेनं वाहायला लागली.

देवमाशाचं गुणगुणणं थांबलं. तेव्हाच मला कळलं.

ताई धक्क्यावरून धावत आली. तिनं लांब तीन शिट्ट्या वाजवल्या. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच, सगळ्या राइड ताबडतोब काठाला. धाकटा खिडकीतून बाहेर आला.

"ताई, ती आपली गिऱ्हाइकं नाहीत. आपली रांग बघ केवढी आहे."

"पाण्यात पडलेलं माणूस कुणाचंच गिऱ्हाईक नसतं," ताई माझ्यात पाय टाकत म्हणाली. "बचावबोट जागा सोडतेय. आपलं एकही माणूस पाण्यात राहायला नको. बघ तू."

धाकटा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खिडकी धाडकन बंद केली आणि हात हलवत धक्क्याच्या टोकाकडे पळाला.

इतके दिवस मी उभी होते. आता देवमाशानं माझं इंजिन पूर्ण वेगानं सोडलं, आणि मला माझाच आवाज नवा वाटला. लाटा समोरून मारत होत्या. मी त्यांच्यावरून गेले. उगाच उड्या मारल्या नाहीत, नाक उडवलं नाही. ज्यासाठी माझं पोट कडक आणि कड मऊ केली होती, ते काम समोर होतं.

आधी दोन मित्र सापडले, एकमेकांच्या जॅकेटला धरून. त्यांना आत घेतलं. मग एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या जॅकेटचा पट्टा तुटलेला. ताईनं त्यांना काखेत धरून माझ्या कडेवरून आत लोळवलं. ते सारखे एकच म्हणत होते, "माझी सून तिकडे आहे, माझी सून तिकडे आहे." सूनही मिळाली. राहिली ती जखमी बाई.

ती बांधापाशी पोचली होती. दगडांवर लाटा आपटत होत्या. चेहरा पांढराफटक, पण शुद्धीवर. ताईनं ओरडून विचारलं, "दुखतंय कुठे?" ती म्हणाली, "पाय. पाय कुठे आहे तेच कळत नाही."

देवमाशानं पाण्यात उडी घेतली. तो तिच्या आणि दगडांच्या मध्ये गेला आणि स्वतःची पाठ दगडांना दिली. ताईनं मला जवळ नेलं. जवळ, आणखी जवळ. बांधातून एक गंजकी सळई बाहेर आलेली होती, ती माझ्या डाव्या कडेत घुसली. मोठा सुस्कारा टाकावा तसा एक कप्पा रिकामा झाला. मी डावीकडे कलले. पण बाकीच्या कप्प्यांनी भार उचलला. त्या रुमालवाल्या बाईंचा अंगठा प्रत्येक सांध्यावरून दोनदा फिरला होता, तो काय उगाच?

बाई आत आली. देवमासा आत आला, पाठ सोललेली. वाटेत त्या बंद बोटीच्या चालकालाही घेतलं. लंगडत, डावा खांदा पाडून, मी सगळ्यांना काठाला आणलं. काठावर टाळ्या वाजल्या. टाळ्या मला आवडल्या, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मला आवडलं ते आमचं पाणी. आमच्या धक्क्यासमोर एकही राइड नव्हती. सगळ्या जेट-स्की, सगळ्या कयाक, ओळीनं काठाला बांधलेल्या. धाकटा रांगेतल्या लोकांचे पैसे परत करत होता, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा त्याच्या बहिणीसारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला धक्क्यामागच्या शेडमध्ये लाकडी घोडीवर चढवलं. बाईचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. ती केस कापायचं काम करायची, स्वतःचं छोटं सलून होतं. दिवसभर उभ्यानं काम. निदान सहा महिने तिला उभं राहता येणार नव्हतं. ताई हॉस्पिटलमधून येऊन माझा तळ धूत असतानाच बादशहा आला. रात्रीत त्याचं वय वाढलं होतं. मिशासुद्धा दमलेल्या दिसत होत्या.

तो बराच वेळ माझ्या फाटलेल्या कडेकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "पोरी, एक मागायला आलोय."

"बोला ना, काका."

"लोकांनी काल तुझीच बोट पाहिली. बनाना दोघांची पिवळीच. तू सांग, राइड तुझी होती. तुझा विमा आहे. त्या बाईला भरपाई मिळेल. माझं घर वाचेल. यात कुणाचं काय गेलं? कंपनीचं? त्यांना काय कमी आहे?"

धाकटा दाराशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, बाईला पैसे मिळतील. ते तरी वाईट नाही ना?"

ताईनं पाण्याचा पाइप बंद केला. ज्या माणसानं हनुवटीखाली हात धरून पोहायला शिकवलं, त्याला नाही म्हणायचं म्हणजे सोपं नाही.

"काका, ती बाई कुणाच्या धक्क्यावरून बसली ते तिला माहीत आहे," ती म्हणाली. "तिच्याही तोंडून खोटं वदवावं लागेल. पाय प्लास्टरमध्ये असताना तिच्या खाटेपाशी जाऊन तिला हे कोण शिकवणार? तुम्ही की मी?"

बादशहा खाली बघू लागला.

"आणि उद्या खरंच माझ्या पाण्यात कुणाला लागलं, तर माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवील? आज त्या बाईसाठी म्हणून खोटं बोलले, तर उद्या दुसऱ्या कुणाचं हक्काचं बुडेल."

"मी तुला पोहायला शिकवलं," बादशहा म्हणाला.

"म्हणून तर तुम्हाला बुडू देत नाहीये. मी येते तुमच्याबरोबर तिच्याकडे. जे आहे ते सांगू. तुमच्याकडून काय होईल ते तुम्ही करा, कमी पडलं तर इथल्या सगळ्या धक्केवाल्यांपुढे मी पदर पसरते. पण खोटं नाही."

बादशहा निघून गेला. जाताना माझ्या कडेला त्याचा धक्का लागला. मला तो मुद्दाम वाटला नाही. डोळ्यांत पाणी असलं की माणूस असाच आपटत जातो.

चार दिवसांनी पाहणीवाले साहेब आले, माझं नुकसान बघायला. येण्याआधी धाकटा ताईला विनवत होता, "निदान एवढं तरी कर. बोट धक्क्याला घासून फाटली म्हण. दुसऱ्याच्या भानगडीत गेलो म्हटलं तर हेही मिळायचं नाही. वर पॉलिसी रद्द करतील." ताईनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

साहेबांना तिनं सगळं सांगितलं. पहिल्या शिट्टीपासून सळईपर्यंत. साहेब माझ्याभोवती फिरले, छिद्रात बोट घालून पाहिलं. मी श्वास रोखून धरला होता. डाव्या बाजूला तसाही उरला नव्हता.

"ही बोट लांब गेली तेव्हा तुमच्या राइड कुठे होत्या?" त्यांनी विचारलं.

ताई उत्तर द्यायच्या आत धाकटा पुढे झाला. "काठाला. सगळ्या. मी स्वतः आणल्या. रांगेतल्या शेवटच्या माणसाचे पैसेही परत केले. कुणालाही विचारा, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "संकटात सापडलेल्या माणसांना वाचवायला जाणं आपल्या पॉलिसीत बसतं. मग ती माणसं कुणाची का असेनात. दुरुस्ती आम्ही देऊ." मग जरा थांबून म्हणाले, "तुमची एक जरी राइड पाण्यात असती, आणि ही बोट तिला सोडून गेली असती, तर मला नाही म्हणावं लागलं असतं. फार वाईट वाटलं असतं, पण म्हणावं लागलं असतं."

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांनी एकाच डब्यात खाल्लं. माझ्या कडेवर बसून.

माझ्या डाव्या बाजूला आता मोठं ठिगळ आहे. रंग जरा वेगळा, त्यामुळे लांबूनही दिसतं. मिरवण्यासारखा दागिना माझ्याकडे हाच.

बादशहानं आपल्या दोन्ही बोटी विकल्या. स्वतः त्या बाईच्या घरी गेला आणि सगळं कबूल केलं. ताई त्याच्यासोबत गेली होती. कमी पडलं ते काठावरच्या लोकांनी भरलं, कुरकुरत का होईना. हंगामभर बादशहा ताईशी बोलला नाही. रिकाम्या धक्क्यावर बसून असायचा, केस वाढलेले, दाढी वाढलेली. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला एका सकाळी तो आमच्या धक्क्यावर आला, माझ्यात उतरला आणि देवमाशाला म्हणाला, "सरक." मग इंजिनचं झाकण काढून फिल्टर साफ करत बसला. ताईनं लांबून पाहिलं, काही विचारलं नाही. चहा आला तेव्हा एक कप जास्त होता, एवढंच. तेव्हापासून तो आमच्याकडेच आहे. नव्या चालकांना पाण्यातून माणूस कसा उचलायचा ते शिकवतो, आणि फार कडक शिकवतो.

त्याच हंगामात एक दिवस ती सलूनवाली आली. जरा लंगडत, हातात पिशवी. म्हणाली, "ज्या बोटीत मला घातलं ती नीट पाहिलीच नाही मी. म्हटलं बघून यावं." तिनं माझ्या ठिगळावरून हात फिरवला. "हिला किती टाके पडले?"

"तुमच्यापेक्षा कमी," देवमासा म्हणाला. "पण हिनं जास्त मिरवले."

ती हसली. मग तिला पंपाच्या आडोशाला उभा असलेला बादशहा दिसला. तो तिथून निसटायच्या बेतात होता. तिनं त्याच्या जटांकडे पाहिलं, कुठल्याही कारागिरानं बिघडलेलं काम बघावं तसं.

"एक खुर्ची आणा," ती म्हणाली.

धक्क्यावर खुर्ची मांडली. बादशहा मुकाट्यानं बसला. तिनं पिशवीतून कात्री काढली, त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कामाला लागली. केसांचे पुंजके पाण्यावर पडत होते. कात्रीचा तेवढा आवाज.

"बाई," बादशहा मान खाली घालून म्हणाला, "माझ्यामुळे तुमचा..."

"मान वर. बोललात की मान हलते, कान कापला जाईल."

"कापा. माझी तक्रार नाही."

"कानाचा विमा आहे का?"

बादशहानं मान वर केली. मग म्हणाला, "आहे. ताईनं इथल्या सगळ्यांचाच उतरवलाय. माझासुद्धा."

त्यावर आधी ती हसली, मग ताई, मग धाकटा. बादशहाचे खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता ते कापडामुळे कळलं नाही. ती मात्र कात्री बाजूला धरून, त्याचं थांबेपर्यंत थांबली. मग उरलेली बाजू सारखी केली.

आता मला बरीच वर्षं झालीत. इंजिन बदललं, रंग पुन्हा दिला. पाहणीवाले साहेब दर हंगामाला येतात, अजून पाण्यापासून दोन हात लांबच उभे राहतात. काठावरच्या आणखी काही धक्क्यांनी विमा घेतलाय, त्यांच्याही नारिंगी पोरी आता पाण्यात उभ्या दिसतात. सगळ्यांनी नाही. काही जण अजून दंडावर थाप मारतात.

त्या एका दिवसाबद्दल लोक माझं कौतुक करतात. मला मात्र बाकीच्या दिवसांचा अभिमान जास्त आहे. ज्या दिवशी संध्याकाळी सगळी माणसं ओले केस पुसत, थापा मारत घरी गेली आणि माझी कुणाला आठवणही झाली नाही, ते सगळे दिवस माझ्या खाती जमा आहेत. तुम्ही कधी कुठल्याही पाण्यावर गेलात तर एवढं करा. जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघा. मग मालकाला विचारा, इथे बचावबोट कुठे आहे आणि तुमच्या धंद्याचा विमा आहे का. तो चिडला तर चिडू द्या. नसेल असं म्हणाला तर काठावर बसून पाय भिजवा, तेही सुख कमी नाही.

बरं, मला निघायला हवं. खिडकी उघडली, धक्क्यावर गर्दी जमायला लागली. देवमासा गुणगुणत येतोय, आज सूर कालच्यापेक्षाही वाईट आहे. पहिली राइड सुटायच्या आधी मी माझ्या जागेवर असते.